रहाटाला घातलेलं तेल

आक्कांनी गाण्याचं दुसरं कडवं उचललं आणि माझ्या हेडफोनमध्ये ते पुन्हा आलं. कुईऽऽऽ. मध्ये एक श्वास घेण्याइतकी शांतता. मग पुन्हा कुईऽऽऽ.

मी हात वर केला. "थांबा आक्का. परत घेऊ."

"परत?" आक्का म्हणाल्या. "ह्या खेपंला कोंबडा नव्हता की वो."

कोंबडा नव्हता हे खरं. त्याला मी तासाभरापूर्वी टोपलीखाली कोंडलं होतं. त्याच्या आधी कावळे झाले, शेजारणीची घागर झाली, माडाचं एक वाळलेलं झाप धाडकन अंगणात पडून झालं. सकाळपासून एकच गाणं आम्ही पाच वेळा घेतलं होतं आणि पाचही वेळा वाया घालवलं होतं. आता उरला होता तो फक्त घरामागच्या विहिरीवरचा रहाट.

मी रेडिओत रेकॉर्डिस्ट होतो. गाणारं किंवा बोलणारं माणूस वेगळं, कार्यक्रम करणारं वेगळं. त्यांचा आवाज टेपवर नीट उतरतो की नाही हे बघणारा, आणि कार्यक्रम बिघडला तर पहिली बोलणी खाणारा, तो मी. ही गोष्ट पन्नास ते साठच्या मधल्या वर्षांतली. टेप तेव्हा नवीन होती. बॅटरीवर चालणारं, खांद्याला अडकवून नेता येणारं मशीन आमच्या केंद्रात एकच होतं. 'खांद्याला अडकवून' हे कंपनीच्या कागदावर. प्रत्यक्षात ते उचलून दाभोळच्या बंदरात बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना माझे दोन्ही खांदे निखळायचे बाकी राहिले होते.

काम साधं होतं. गुहागरपासून दोन कोसांवर, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत आक्का राहत होत्या. साठीच्या, विधवा, भंडारी समाजातल्या. घाणा भरण्यापासून मुलगी सासरी जाईपर्यंत लग्नाच्या प्रत्येक टप्प्याचं गाणं त्यांना येत होतं आणि त्यातली कित्येक आता दुसऱ्या कुणाला येत नव्हती. ती आणायची होती. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ गोविंद, अशी दोघंच. गोविंदतात्या पंचावन्नच्या आसपासचे. पूर्वी गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. तीन वर्षांपूर्वी दर्या सोडून घरी आले होते. का सोडला, ते मी विचारलं नव्हतं. मी आवाज गोळा करायला आलो होतो, माणसं नव्हे. असा माझा तेव्हाचा खाक्या होता.

निघताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"लेले, मागच्या खेपेसारखं नको."

मागच्या खेपेला मी रत्नागिरीच्या बंदरावर एका म्हाताऱ्या नाखव्याची मुलाखत घेतली होती. प्रसारणात नाखवा कमी आणि वारा जास्त ऐकू आला. सात मिनिटांनी ती मुलाखत मध्येच तोडून बासरी लावावी लागली होती.

"नाही सर. या वेळी टेप स्वच्छ येईल."

"नाही आली तर तुम्हाला ट्रान्समीटरवर टाकतो. तिथं एकच आवाज असतो, पंख्याचा. तुम्हाला सोपं पडेल."

हे ते हसत म्हणाले. पण साहेबांनी हसत सांगितलेल्या गोष्टी ते नेमक्या करायचे.

आता नको असलेला आवाज म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तुम्ही लग्नाच्या मांडवात बसून शेजाऱ्याशी बोलता तेव्हा बँड, पोरं, भांडी सगळं वाजत असतं, तरी तुम्हाला शेजारी ऐकू येतो. कारण कानामागे डोकं असतं. ते नको ते गाळतं. मायक्रोफोनमागे डोकं नसतं. त्याला नवरीचा उखाणा आणि आचाऱ्याचा झारा दोन्ही सारखेच. म्हणून रेकॉर्डिस्टला ते गाळण्याचं काम आधीच, टेप फिरायच्या आत करावं लागतं. एकदा दोन आवाज टेपवर एकत्र गेले की ते वेगळे करणं म्हणजे चहात पडलेलं दूध काढणं.

उपाय तेव्हा तीनच होते. एक, माइक तोंडाजवळ न्यायचा, म्हणजे हवा तो आवाज मोठा आणि बाकीचे लहान. दोन, दारं-खिडक्या बंद करून घोंगड्या, गोधड्या लावायच्या. तीन, मशीनवर एक खटका असे, तो दाबला की खालच्या पट्टीतली घरघर कापली जायची. लाटांचा आवाज त्या खटक्याने बराच गेला. मी आक्कांच्या माजघराच्या दोन्ही खिडक्यांना वाकळी बांधल्या, मागचं दार लावून त्यावर घोंगडी सोडली. आक्का म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली केलीत की माज्या घराची."

पण रहाट कशालाच ऐकेना. कौलांच्या फटींमधून तो आत येत होता. आणि त्याची ती कुईकुई नेमकी बाईमाणसाच्या आवाजाच्या पट्टीत होती. खटक्याने ती कापायला जावं तर आक्काही कापल्या जात होत्या.

ज्यांनी रहाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीवर आडव्या दांड्याचं एक मोठं लाकडी चाक. चाकावर दोराची माळ, माळेला मडक्यासारखे लोटे. रेडा गोल फिरतो, चाक फिरतं, लोटे भरून वर येतात आणि दगडी डोणीत ओततात. डोणीतून पाणी पाटाने पोफळींच्या आळ्यांत जातं. याला शिंपणं म्हणतात. लाकडावर लाकूड घासतं, म्हणून रहाट ओरडतो. रेड्यामागे गोविंदतात्या चालत होते.

"आक्का, तासभर शिंपणं थांबवता येईल?"

"नाय वो सायब."

"अर्धा तास?"

"नाय. रहाट थांबला तर माजा गाण्यात जीव लागायचा नाय."

"पण रहाट चालू असला तर मला गाणं घेता येत नाही."

"मग दुपारी घ्या."

दुपारी खारा वारा सुटायचा आणि अख्खी वाडी माडांच्या झापांनी सळसळायची. संध्याकाळनंतर रातकिडे. उद्या दाभोळहून परतीची बोट. मला आक्कांचा रागच आला. त्यांचं ते बोलणं मला अडाणी हट्ट वाटला. काहीतरी शकुन-अपशकुनाचं असेल, असं धरून मी पुढचं विचारलंच नाही. एक प्रश्न विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

"जरा पाणी पिऊन येतो," असं सांगून मी पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि वळसा घालून विहिरीवर गेलो.

गोविंदतात्या उंच, काळेसावळे, हाडापेराने मजबूत. डाव्या भुवईवर एक जुनी खोक. मी गाऱ्हाणं सांगितलं.

"तेल घातलं तर ओरडायचा थांबेल का हो?"

"आक्का, रेड्याला पानी पाजतो गं!" अशी घराकडे हाक देऊन त्यांनी रेडा थांबवला. माझ्याकडे नीट बघितलं. मग घराकडे बघितलं.

"थांबंल की."

"मग घालत का नाही?"

"घातलं नाय कुनी."

"मी घालू?"

त्यांनी रेड्याच्या मानेवर हात फिरवला. मग म्हणाले, "घाला. रेड्याला पन हलकं जाईल." आणि पडवीतून खोबरेल तेलाची बुधली त्यांनी स्वतःच आणून माझ्या हातात दिली. मी दोन्ही टोकांना, जिथे दांडा बसतो तिथे, सढळ हाताने तेल ओतलं. रेडा चालू लागला. पहिल्या फेरीला एक बारीक किंकाळी आली, दुसऱ्या फेरीला ती अर्धी झाली, चौथ्या फेरीला काही नाही. लोटे डोणीत ओतल्याचं धप, धप, धप, एवढंच. मी खूश झालो. ज्या गोष्टीसाठी वाडीने पिढ्यान्‌पिढ्या कान किटवून घेतले, ती मी पाच मिनिटांत सोडवली, असंही मनात आलं. तात्याही खुशीत दिसले. रेड्याला हाकताना ते शीळ घालत होते.

आत आलो. आक्का कान देऊन बसल्या होत्या.

"रहाट आयकू येत नाय."

"घोंगडी नीट लावली ना मी. आता बाहेरचं आत येत नाही."

हे मी का म्हणालो? खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. त्यांना न विचारता त्यांच्या रहाटाला हात लावला, हे सांगायला जड गेलं. आणि वेळ कमी होता. घोंगडी लावलेली होतीच.

"गोविंदा हाय ना तकडं?"

"आहेत, आहेत. शीळ घालतायत."

"शीळ?" आक्कांना नवल वाटलं. मग त्या हसल्या, पदर सारखा केला आणि गायला लागल्या.

तसं गाणं मी नंतरही फार थोड्या वेळा घेतलं. नऊवार नेसलेली ती बाई जमिनीवर पाय मुडपून बसली होती आणि आवाज मात्र सतरा वर्षांच्या मुलीचा वाटत होता. शांतता एवढी होती की मला माइक थोडा मागे घेता आला. आवाजाला जागा मिळाली. दूर, अगदी तळाशी, हेडफोनमध्ये ते पाण्याचं धप, धप येत होतं. श्रोत्यांना ते कळलंही नसतं. मला कळत होतं, कारण माझा पगार त्यासाठीच होता.

चौथं गाणं चालू असताना ते धप, धप थांबलं.

मी हे लिहिताना थांबलो आहे. पण सांगायचंच आहे तर नीट सांगतो. पाणी थांबल्याचं त्या घरात फक्त मला ऐकू आलं. आक्कांच्या कानावर स्वतःचं गाणं होतं आणि भोवती गोधड्या होत्या. माझ्या कानावर हेडफोन होता. पाणी थांबलं, आणि मला आनंद झाला. देव पावला असं वाटलं. आता तर मागे काहीच नाही, कोरी पाटी. मी आक्कांना हाताने खूण केली, चालू द्या, चालू द्या. त्यांनी लगेच पाचवं गाणं उचललं. मुलगी उंबरा ओलांडते त्या वेळचं. माझे डोळे भरून आले. गाण्याने.

ते गाणं संपलं. मी म्हणालो, "आक्का, सोनं झालं." आणि उत्साहाने उठून मागच्या दारावरची घोंगडी काढली, दार उघडलं.

आक्कांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दाराकडे बघत होत्या. दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं, आणि तरीही काही ऐकू येत नव्हतं. माझ्यासाठी ती शांतता होती. त्यांच्यासाठी काय होती ते मला पुढच्या क्षणी कळलं.

"गोविंदा!"

मला ढकलून त्या धावल्या. साठीची बाई एवढी जोरात धावू शकते यावर माझा विश्वास बसला नसता. मी मागून धावलो. हेडफोनची दोरी ताणून तो कानावरून निसटला. मशीन बंद करायचं भान राहिलं नाही.

रेडा उभा होता. त्याच्या पुढच्या पायांपासून हातभर अंतरावर गोविंदतात्या पालथे पडले होते. पाय रेड्याच्या वाटेवर आणि डोकं पाटात. तोंड खाली, चिखलात. एक हात अंगाखाली पिळवटलेला. मी जागच्या जागी थिजलो. आक्का ओरडल्या, "बघत काय ऱ्हायलंव, धरा!" तेव्हा मी हललो.

आम्ही त्यांना बाहेर ओढलं. ओठ निळे पडले होते. दातखीळ बसली होती. आक्कांनी बोट घालून नाकातला चिखल काढला, मला त्यांना कुशीवर वळवायला लावलं आणि पाठीवर उघड्या हाताने मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी मोजत होतो, का ते माहीत नाही. मग घशातून घाण पाणी आलं, आणि एक आवाज आला. श्वास आत ओढल्याचा, फाटक्या भात्यासारखा. इतका वाईट आवाज मी जन्मात ऐकला नव्हता आणि इतका हवासाही ऐकला नव्हता.

शेजारची माणसं जमली. तात्यांना पडवीत नेलं. आक्का पाटाशी मागे राहिल्या होत्या. त्या रहाटाजवळ गेल्या, दांड्याच्या टोकाला हात लावला, बोटं नाकाशी नेली.

"तेल कुनी घातलं?"

"मी," मी म्हणालो.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पाटाच्या कडेला बसल्या आणि पदराने बोटं पुसत बसल्या. तेल लवकर जात नव्हतं.

तात्यांना तीन वर्षांपूर्वी गलबतावर डोलकाठी लागली होती. भुवईवरची खोक तीच. तेव्हापासून फिट यायची. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, न सांगता. दर्या सुटला तो त्यामुळे. पण घरात बसवून ठेवलं तर तो माणूस वेडा झाला असता. म्हणून आक्कांनी त्यांना शिंपणं दिलं आणि स्वतः चुलीशी, अंगणात, गोठ्यात काम करताना एक कान कायम रहाटावर ठेवला. कुईकुई चालू आहे म्हणजे गोविंदा उभा आहे. कुईकुई थांबली की हातातलं टाकून धावायचं. शिंपताना फिट आली म्हणून तीन वर्षांत त्या सात वेळा धावल्या होत्या आणि सातही वेळा वेळेवर पोचल्या होत्या. 'रहाट थांबला तर गाण्यात जीव लागायचा नाही' याचा अर्थ हा होता. शेजारपाजारच्या घरांनाही हे ठाऊक होतं. म्हणून कुणी तेल घालत नव्हतं.

"रेड्याच्या गळ्यात घंटा बांधायची होती," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"घंटा उभ्या रेड्याची पन वाजते," आक्का म्हणाल्या. "मान हलवली की झालं. रहाट चालल्याबगर वरडत नाय."

मी आवाजातला तज्ज्ञ. त्या चुलीशी बसणाऱ्या. कुठला आवाज काय सांगतो हे मला त्यांच्याकडून ऐकून घ्यावं लागलं.

तात्या वाचले ते माझ्यामुळे नाही आणि आक्कांमुळेही अर्धेच. ते रेड्यामुळे वाचले. फेरा घालून आल्यावर वाटेत धनी पडलेला बघून रेडा थांबला. रहाट थांबला, म्हणून पाटात नवं पाणी आलं नाही. होतं ते उताराने वाहून गेलं. उरला चिखल, आणि त्यात एका नाकपुडीपुरती जागा. रेडा आणखी चार फेऱ्या फिरला असता तर पाट वाहता राहिला असता. ज्या शांततेने मला आनंद झाला होता त्याच शांततेने त्यांना वाचवलं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे मला आजही पचत नाही.

दुपारी तात्या शुद्धीवर आले. मी त्यांच्याजवळ बसलो होतो.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो. "तरी तेलाची बुधली आणून दिलीत."

त्यांनी नजर आढ्याकडे वळवली. आवाज घोगरा झाला होता.

"चाळीस मानसं माज्या शब्दावर शीड चढवायची, सायब. आता रहाट माजी राखन करतो. तीन वर्सांत येवढीच अर्धी घटका कुनी माज्यावर कान ठेवून नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "बरं वाटलं. आक्काला सांगू नका."

मी सांगितलं नाही. मी आणखीही एक गोष्ट सांगितली नाही. पाणी थांबल्याचं मला ऐकू आलं होतं, ही.

जायच्या आधी मी रहाटाचं तेल काढायचा प्रयत्न केला. राख लावली, रिठ्याच्या पाण्याने घासलं, चुन्याची भुकटी टाकली. खोबरेल लाकडात मुरलेलं होतं. चाक लोण्यासारखं फिरत राहिलं. ते पुन्हा ओरडेपर्यंत कुणीतरी विहिरीवर बसून राहायला हवं होतं. आक्का बसणार होत्या. म्हणजे त्यांचा दिवस गेला.

मुंबईला साहेबांसमोर टेप लावली. पहिल्या गाण्यालाच साहेब खुर्चीत मागे रेलले.

"लेले! हे गुहागरला घेतलं? स्टुडिओतसुद्धा इतकं स्वच्छ येत नाही."

चौथं गाणं लागलं. मी घड्याळाकडे बघत होतो. आता पाणी होतं. आता नव्हतं. साहेबांना फरक कळला नाही. पाचवं गाणं संपेपर्यंत, माझं 'सोनं झालं' येईपर्यंत, चार मिनिटं दहा सेकंद झाली. चार मिनिटं दहा सेकंद तो माणूस चिखलात तोंड घालून पडला होता आणि मी खुणा करत होतो, चालू द्या.

"नवीन मुलांना ही टेप ऐकवायला हवी," साहेब म्हणाले. "नको ते आवाज कसे घालवायचे याचा धडा म्हणून."

मग टेपवर दार उघडलं. आणि दुरून, पण स्वच्छ, अगदी स्वच्छ आली ती हाक. "गोविंदा!"

साहेब ताठ बसले. पुढे मशीन चालूच राहिलं होतं. पळणारे पाय. दुरून 'धरा!' मग पाठीवरचे ते मार, एक, दोन, तीन. आणि तो श्वास. रिकाम्या माजघरात एकट्या माइकने सगळं इमानाने घेतलं होतं. मागे कसलीही खरखर नव्हती.

"बंद करा," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "काय आहे हे?"

मी सगळं सांगितलं. पाणी थांबल्याचंही. तोंडाने ते पहिल्यांदा बाहेर आलं. साहेब रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"माणूस?"

"आहे. वाचला."

"ही टेप लागणार नाही. पुसून टाका. आणि तिथं परत जा." मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "या वेळी कशाला हात लावू नका."

टेप मी स्वतः पुसली. पुसताना टेप आवाज करत नाही.

दीड महिन्याने वाडीतल्या शाळामास्तरांच्या अक्षरात एक कार्ड आलं. आक्कांनी सांगून लिहवलेलं. 'रहाट पुन्हा ओरडू लागला आहे. गोविंदा बरा आहे. यावयाचे असल्यास यावे.'

गेलो. तोच पडाव, तेच खांदे. वाडीच्या वळणावरच कुईकुई ऐकू आली आणि माझा जीव भांड्यात पडला. या वेळी मी वाकळी लावल्या नाहीत. मागचं दार उघडं ठेवलं. आक्का बसायच्या आधीच मी म्हणालो, "आक्का, एक राहिलंय सांगायचं. त्या दिवशी पाणी थांबलेलं मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, बरं झालं."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते मी मोजलं नाही. मग त्यांनी जमिनीवरचा हेडफोन उचलून माझ्या हातात दिला.

"ह्यातून तुमाला माज्यापेक्षा जास्त आयकू येतं ना?"

"हो."

"मग आज तुमी त्याच्यावर कान ठेवा. मी तीन वर्सांत एक गानं पुऱ्या मनानं म्हटलेलं नाय. माजा अर्धा जीव तकडंच असतो. आज म्हंते."

आणि त्यांनी डोळे मिटले. त्या घरात डोळे मिटून बसलेल्या आक्का मी पहिल्यांदाच पाहिल्या.

त्या गात होत्या आणि मी रहाट ऐकत होतो. कुईऽऽऽ. एक श्वास. कुईऽऽऽ. प्रत्येक वेळी मधल्या त्या श्वासात मी अर्धा उठायचो आणि पुढची कुई आली की बसायचो. नोकरीत प्रथमच मी मशीनवरचा काटा बघितला नाही, सूर बघितला नाही. हात एकाच गोष्टीसाठी तयार ठेवला होता, मशीन सोडून धावायला. आठ गाणी झाली. गाणी कशी झाली ते मला मुंबईत टेप लावल्यावर कळलं. पहिल्या खेपेपेक्षा चांगली झाली होती.

साहेबांनी ती टेप पूर्ण ऐकली, कुईकुईसकट. "राहू दे," म्हणाले. कार्यक्रम तसाच लागला. मला ट्रान्समीटरवर टाकलं नाही.

आठवड्याने दादरहून एका श्रोत्याचं पत्र आलं. गाणी अप्रतिम, असं लिहून पुढे लिहिलं होतं, 'मात्र पार्श्वभूमीस सतत कसलासा कर्कश आवाज येत होता. आपल्या यंत्रास कृपया तेल घालावे.'

साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'लेले, उत्तर द्यावे.'

मी उत्तर दिलं. 'सूचनेबद्दल आभार. तेल एकदा घालून पाहिले आहे.'